आज कितवा दिवस?

तो इस्त्री करत उभा होता. रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते, पाऊस नुकताच थांबला होता आणि अर्ध्या उघड्या खिडकीतून येणारी गार हवा खोलीतल्या तापलेल्या कापडाच्या वासात मिसळत होती. त्याने कॉलरवर बोटांनी पाणी शिंपडलं, इस्त्री टेकवली, चर्र आवाज झाला आणि वाफेचा लहानसा पुंजका वर येऊन विरला. मी घडी घातलेल्या चादरी घेऊन दारात आले होते. वेगळं असं काही घडलं नव्हतं. दिवसभरात आमच्यात जेमतेम दहा वाक्यं झाली असतील, तीही मुलीचा अभ्यास आणि विजेचं बिल यांच्याबद्दल. पण दारातून मला त्याची पाठ दिसली. रोजचीच पाठ, धुऊन धुऊन मऊ पडलेल्या बनियनमधली, मानेखाली डाव्या बाजूला तीळ असलेली. आणि कुठून कोण जाणे, इतकी माया दाटून आली की चादरी पलंगावर टाकून मी त्याच्या दोन खांद्यांच्या मधोमध तळहात ठेवला. पाठ गरम होती, घामाने जराशी ओलसर. त्याने इस्त्री उभी केली, मागे न वळताच हसला आणि म्हणाला, "आज चौदावा का गं?"

मी हात काढून घेतला.

त्याला ते जाणवलंही नसावं. "छे, असंच," म्हणाले आणि चादरी कपाटात ठेवायला वळले. त्याने उरलेले दोन शर्ट उरकले, बटण बंद केलं, वायर गुंडाळून ठेवली. झोपताना नेहमीसारखा माझ्या केसांवरून हात फिरवला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, लाडानेच म्हणाला होता. तरी मला झोप येईना. बऱ्याच वेळाने फोनचा उजेड उशीत दाबून धरत पाळीचं अ‍ॅप उघडलं. सोळावा दिवस. माझं चक्र एकतीस-बत्तीस दिवसांचं आहे, त्यामुळे माझा 'चौदावा' येतो सोळा, सतरा, अठराच्या आसपास. म्हणजे तो चुकला नव्हता. चुकला असता तर मी तिथल्या तिथे हसून सोडून दिलं असतं. तो बरोबर होता, हेच रात्रभर खुपत राहिलं. कारण मग तो हात कुणाचा होता? दहा-बारा वर्षांच्या सहवासातून आलेली ती माया माझी होती, की अंडाशयात पिकत आलेल्या एका बीजाने माझा हात उचलून तिथे नेऊन ठेवला होता?

'चौदावा' हा आमच्या दोघांतला जुना शब्द. मुलगी होण्याआधीची अडीच वर्षं आम्ही त्या शब्दावर काढली. मूल हवंय आणि होत नाही, अशा घरात तारीख कशी ठाण मांडून बसते हे ज्यांनी सोसलंय त्यांना सांगायला नको. पहिल्या भेटीतच डॉक्टरांनी कागदावर एक आडवी रेघ ओढली, मधोमध, चौदाव्या दिवसावर, गोल केला आणि म्हणाल्या, "साधारण इथे अंडं फुटतं." मग पेन थोडं पुढे सरकवून, "तुमचं जरा उशिरा." पाळीच्या चक्राचा दुसरा अर्धा भाग बहुतेकींत दोन आठवड्यांच्या आसपास असतो, लांबतो-आखडतो तो पहिला भाग, हे जपानमधल्या ओगिनो आणि ऑस्ट्रियातल्या क्नाउस या दोन डॉक्टरांनी 1920 च्या दशकात आपापलं शोधून काढलं. म्हणजे दिवस मोजायचा तो पुढच्या पाळीपासून उलटा, आणि पुढची पाळी तर अजून आलेली नसते. या एका अडचणीपायी किती घरांत किती रात्री हिशेब करण्यात गेल्या असतील. बाहेर पडलेलं स्त्रीबीज जगतं जेमतेम बारा ते चोवीस तास. पुरुषाचं बीज मात्र पाच दिवसांपर्यंत वाट पाहत थांबू शकतं. अ‍ॅलन विल्कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूल होऊ देऊ पाहणाऱ्या 221 स्त्रियांच्या रोजच्या लघवीच्या नमुन्यांवरून 1995 मध्ये दाखवून दिलं की दिवस राहतात ते फक्त सहा दिवसांच्या खिडकीत, अंडं फुटण्याचा तो दिवस आणि त्याच्या आधीचे पाच. पाच वर्षांनी त्यांनीच हेही दाखवलं की दहाव्या ते सतराव्या दिवसांत ही खिडकी पूर्णपणे बसते अशा बायका फक्त 30 टक्क्यांच्या आसपास असतात. सगळ्यांना पाठ असलेला चौदावा दिवस बहुतेकींच्या अंगात तितक्या नेमाने उगवतच नाही.

ही माहिती मला तेव्हा आधारासारखी वाटायची. सहाच दिवस असतील तर ते पकडता येतील. मी पट्ट्या आणल्या. लघवीतलं एलएच, म्हणजे अंडं फुटायला लावणारं हॉर्मोन, वाढलं की पट्टीवर दुसरी रेघ गडद होते आणि त्यानंतर साधारण एक-दीड दिवसात अंडं फुटतं. सकाळी डोळे उघडल्यावर, पाय जमिनीला लागण्याआधी, थर्मामीटर जिभेखाली धरायचा. अंडं फुटून गेल्यावर अंगाचं तापमान काही दशांश अंशांनी चढतं, आणि ते चढलेलं दिसतं तोवर वेळ निघून गेलेली असते. वहीत माझ्या तापमानाचे ठिपके होते, ते पेन्सिलने जोडलेले. त्या वहीइतकं लक्षपूर्वक मी स्वतःला कधीच वाचलेलं नाही. दुसरी रेघ गडद झाली की मी त्याला कामाच्या ठिकाणी एकच शब्द पाठवायचे, "चौदावा." दिवस कुठलाही असो, शब्द तोच. त्याचं उत्तर यायचं, "बरं." सुरुवातीला त्यात मजा होती, दोघांचंच एक गुपित होतं. वर्षभराने त्या "बरं"मधला जीव गेला.

एक रात्र अजून तशीच्या तशी डोळ्यांसमोर आहे. तो पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसला होता, तळवे गुडघ्यांवर. म्हणाला, "आज नाही जमणार मला." आवाज इतका खाली की मी आधी ऐकलंच नाही. आणि ऐकल्यावर मी म्हणाले, "महिन्यात दोनच दिवस मागते मी तुझ्याकडे." तो काही बोलला नाही. उठून दुसऱ्या खोलीत जाऊन बसला आणि दिवा न लावता बसला. त्या रात्री माझ्या मनात त्याच्याबद्दल राग होता, त्याची कीव नव्हती. कीव यायला कित्येक वर्षं जावी लागली. पुढे मुलगी झाली. ती ज्या महिन्यात राहिली त्या महिन्यात मी पट्ट्या आणायलाच विसरले होते. त्यातून मी काही अर्थ काढत नाही, झालं असं की झालं.

तर इस्त्रीच्या त्या रात्रीनंतर मी वाचायला घेतलं. आपल्या अंगात काय चालतं आणि त्यातलं किती आपल्या नात्यात उतरतं, हे मला नीट कळून हवं होतं. वाचताना पहिल्यांदा राग आला. 1990 च्या दशकाच्या शेवटी एक कल्पना फार गाजली होती. अंडं फुटण्याच्या दिवसांत बायकांना जास्त राकट, पुरुषी चेहऱ्याचे पुरुष आवडतात आणि एरवी घर सांभाळणारे, मवाळ, अशी ती कल्पना. 1999 मध्ये चेहऱ्यांची चित्रं दाखवून केलेला एक अभ्यास 'नेचर'सारख्या नियतकालिकात आला आणि मग मासिकांच्या पुरवण्यांपासून चहाटळ गप्पांपर्यंत सगळीकडे तो पसरला. त्याचा सरळ अर्थ लोकांनी काढला: बाई महिन्यातून काही दिवस नवऱ्याकडे पाठ फिरवते, तिला ते कळतही नाही. मीही तेव्हा कुठेतरी ते वाचलं होतं. लग्न ठरण्याच्या सुमारास वाचलेलं असं काही मनात कुठे तरी कुसळासारखं राहतं. 2014 मध्ये या विषयावरच्या सगळ्या अभ्यासांचा एकत्र हिशेब दोन वेगवेगळ्या गटांनी मांडला आणि दोघांची उत्तरं एकमेकांच्या विरुद्ध आली. शेवटी 2018 मध्ये 584 स्त्रियांच्या लाळेतली हॉर्मोन्स मोजून, त्यांना पुन्हा पुन्हा बोलावून केलेल्या मोठ्या अभ्यासात तो राकट चेहऱ्याचा परिणाम सापडला नाही. वीस वर्षं आपल्याबद्दल बोललं गेलेलं काही खरं नव्हतं हे कळलं तर आनंद व्हायला हवा. मला झाला, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. तितक्या वर्षांत किती नवऱ्यांनी आपल्या बायकोच्या नजरेचा उगाच माग काढला असेल.

पण जे टिकलं तेही मला वाचावं लागलंच, कारण मी खोटं समाधान शोधत नव्हते. ओढ वाढते, हे टिकलं. जर्मनीतल्या रुबेन आर्सलान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजाराहून जास्त स्त्रियांच्या 26,000 रोजच्या नोंदी तपासल्या आणि गर्भनिरोधक गोळ्या न घेणाऱ्या बायकांमध्ये त्या दिवसांत इच्छा थोडी वर जाताना दिसली, आपल्या जोडीदाराबद्दलचीसुद्धा. विल्कॉक्स यांनी 2004 मध्ये तर अशा 68 स्त्रियांच्या नोंदी पाहिल्या ज्यांना मूल नको होतं, ज्यांनी तांबी बसवली होती किंवा शस्त्रक्रिया करून घेतली होती. म्हणजे तारीख बघून जवळ येण्याचं त्यांना काही कारणच नव्हतं. तरीही त्या सहा दिवसांत जवळीक सुमारे 24 टक्क्यांनी जास्त घडत होती. इस्ट्रोजेन चढत असतं तेव्हा इच्छा वर येते आणि अंडं फुटून गेल्यावर प्रोजेस्टेरॉन वाढलं की ती ओसरते, असं चित्र वेगवेगळ्या प्रयोगशाळांतून दिसतं. भरती-ओहोटी म्हणावी तशी. म्हणजे त्या रात्री माझा हात उचलण्यात शरीराचा वाटा होता. मी हे मान्य करते. मान्य करताना घशाशी काहीतरी येतं, तरी करते.

माकडिणींचं बरं असतं, असं मला एकदा वाटून गेलं. चिंपांझीच्या मादीचे ते दिवस मागच्या बाजूला फुगून, गुलाबी होऊन अख्ख्या टोळीला दिसतात. तिथे कुणी कुणाला विचारत नाही. माणसाच्या बाईत ते झाकलेलं आहे, इतकं की बहुतेक वेळा तिचं तिलाही कळत नाही. हे झाकलं का गेलं याबद्दल अभ्यासकांची मतं एकमेकांशी जुळत नाहीत. मला त्यात एक मोकळीक दिसते. आमच्या जातीत दोन माणसं वर्षाच्या कुठल्याही दिवशी, कारण नसताना, एकमेकांजवळ येऊ शकतात. अ‍ॅपने आणि पट्टीने आम्ही ती झाकलेली गोष्ट पुन्हा उघडी केली.

आता दुसरी बाजू, रागाची.

आपल्या भाषेत 'पाळी' म्हणजे खेपही. कुणाची पाळी, आता तुझी पाळी. लहानपणी आमच्या घरात चार जणांत एक न्हाणीघर होतं आणि त्याची कडी मोडकी होती. आतून लागायची नाही. दार एका हाताने ओढून धरत अंघोळ करायची, नाहीतर बादली दाराला लावून ठेवायची. आई महिनाभर त्याबद्दल बोलायची. "अहो, ती कडी तेवढी बघा." कपडे वाळत घालताना, दिवा मालवताना, साध्या आवाजात. बाबा "हो, हो" म्हणायचे. मग महिन्यातला एखादा दिवस असा यायचा की आई त्याच कडीवरून ओरडायची, भांडं आपटायची, तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. बाबा आम्हा भावंडांकडे बघून भुवया जराशा उंचावायचे आणि तळहात खाली करून खूण करायचे, सबुरीने घ्या, दोन दिवस गप्प राहा. आम्ही गप्प राहायचो. त्यात आम्हाला मोठं झाल्यासारखं वाटायचं, बाबांच्या गुपितात सामील झाल्यासारखं. दोन दिवसांनी आई शांत व्हायची आणि कडी तशीच राहायची. ते घर सोडेपर्यंत ती कडी मोडकीच होती.

मी त्या खुणेत सामील होते, हे आता आठवलं की अंगावर काटा येतो. पाळीच्या आधीच्या दिवसांत आईचा आवाज चढत असेलही. सत्तावीस दिवस ती जे हळू बोलत होती तेच अठ्ठाविसाव्या दिवशी मोठ्याने बोलत होती, आणि मोठ्याने बोललेलं आम्ही तारखेच्या खात्यावर टाकून मोकळे झालो. हळू बोललेलं तर ऐकलंच नव्हतं.

या खात्याबद्दल 1977 मध्ये डायेन रूबल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी प्रिन्स्टन विद्यापीठातल्या 44 विद्यार्थिनींवर एक प्रयोग केला होता. सगळ्यांची पाळी यायला प्रत्यक्षात आठवडाभर अवकाश होता. त्यांना सांगितलं गेलं की एका नव्या यंत्राने पाळीची तारीख अचूक कळते. मग काही जणींना सांगितलं, एक-दोन दिवसांत येणार. काही जणींना, अजून आठवडा-दहा दिवस आहेत. ज्यांना वाटलं की पाळी तोंडावर आली आहे, त्यांनी अंग जड होणं, दुखणं, खाण्यात बदल होणं हे जास्त प्रमाणात नोंदवलं. अंगात सगळ्यांच्या सारखंच चाललं होतं, फरक होता फक्त सांगितलेल्या तारखेचा. हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मांडीवर पालथं घालून बसले. मला किती वेळा दुखलं असेल ते कॅलेंडर बघून दुखलं असेल?

पण एवढ्यावर थांबले तर मी एका माणसाशी अप्रामाणिक होईन. माझी एक जवळची मैत्रीण आहे. तिचे पाळीआधीचे आठ-नऊ दिवस काळोखात जातात. चिडचिड वगैरे नाही, त्याच्या कितीतरी पलीकडचं. एका महिन्यात तिने नवऱ्याला घटस्फोट हवा म्हणून लिहून दिलं आणि पाळी आल्यावर दुसऱ्या दिवशी तो कागद बघून तिचे हात थरथरले. तिला पीएमडीडी, म्हणजे पाळीआधी मन तीव्रपणे बिघडवणारा आजार आहे, हे कळायला सहा वर्षं गेली, आणि तोवर ती स्वतःला वाईट बाई समजत होती. शंभरातल्या काही बायकांना हा त्रास असतो. 1998 मध्ये पीटर श्मिट यांच्या गटाने एक साधी पण फार मोलाची गोष्ट दाखवली. अशा तीव्र त्रासाच्या बायका आणि ज्यांना त्रास नाही अशा बायका, दोघींची हॉर्मोन्स औषधाने आधी बंद पाडली आणि मग ठरलेल्या प्रमाणात पुन्हा दिली. त्रासवाल्यांचं मन पुन्हा बिघडलं, बाकीच्यांचं बिघडलं नाही. हॉर्मोन तेच, तेवढंच, उत्तर देणारा मेंदू वेगळा. मैत्रिणीने मला हे सांगितलं तेव्हा ती रडली, आणि ते सुटकेचं रडणं होतं. तिने नवऱ्याला सांगून ठेवलंय, "मी टोकाचं बोलायला लागले की मला फक्त तारीख विचार." तो विचारतो. ती कॅलेंडर बघते आणि कधी कधी त्या एका प्रश्नावर तिची रात्र निभावते.

तोच प्रश्न. आईला तिचं बोलणं पुसून टाकणारा आणि मैत्रिणीला तोल देणारा. फरक मला दिसतो तो एवढाच की मैत्रिणीने तो प्रश्न स्वतःच्या हाताने त्याच्या हातात दिला होता.

आणि इथे मला माझा शब्द आठवला. 'चौदावा' कुणी आणला होता आमच्यात? मी. तो शब्द मी त्याला अडीच वर्षं पाठवत होते. तारीख बघून जवळ ये, तारीख नसेल तर झोप, हे मी त्याला शिकवलं. तळहात पाठीवर ठेवण्यामागे दिवस असतो, हे त्याने माझ्याकडूनच घेतलं होतं. इस्त्री करता करता तो हसून जे बोलला त्यात कदाचित खबरदारीही असेल, त्या अंधाऱ्या खोलीत बसून राहिलेल्या माणसाची. आज माझ्याकडून काही मागितलं जाणार आहे का? हे मी त्याला विचारलं नाही अजून. पण त्याच्या हसण्यात एक क्षण थांबलेली इस्त्री होती, ती मला आता वेगळी दिसते.

त्याच्याही अंगात काही चढतं-उतरतं, याचा मी कधी विचारच केला नव्हता. पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन सकाळी जास्त असतं, दिवस कलला की उतरतं. फिलिपिन्समधल्या सेबू इथल्या 624 पुरुषांना काही वर्षं पाहत राहून ली गेटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये दाखवलं की लग्न होऊन बाप झालेल्यांचं टेस्टोस्टेरॉन चांगलंच खाली येतं, आणि मुलांचं रोज जास्त वेळ करणाऱ्यांचं इतर बापांपेक्षाही कमी असतं. मुलगी झाल्यावरचं ते पहिलं वर्ष मला आठवलं. रात्री अडीचला तिला खांद्यावर घेऊन तो येरझाऱ्या घालायचा, गुणगुणायचा, त्याच्या बनियनवर दुधाच्या उलटीचा आंबट वास असायचा. त्या वर्षात तो माझ्याजवळ क्वचित आला आणि मी मनात एक यादी ठेवत गेले. मला वाटलं मी त्याला आवडेनाशी झाले. आमच्या घरात तारखा होत्या त्या सगळ्या माझ्या. त्याला आज कसं आहे, हे कुठल्या अ‍ॅपमध्ये दिसत नव्हतं आणि मी विचारलंही नाही.

मी त्याला हे सगळं सांगितलं. एका दमात नाही, तुकड्यातुकड्याने, आठवडाभर. पाठीवरून काढून घेतलेल्या हाताचंही सांगितलं. तो म्हणाला, "मला कळलं होतं गं. विचारायची भीती वाटली." मग आम्ही एक गोष्ट ठरवली. दोघांनी वेगवेगळ्या वहीत रोज झोपताना एक ओळ लिहायची, आज आपल्यात कसं होतं. एकमेकांची वही बघायची नाही आणि मी अ‍ॅपही उघडायचं नाही, पाळी आली की फक्त तारीख टाकायची. चार महिने केलं. एका रविवारी दुपारी जमिनीवर वह्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. माझ्या वहीत त्या मधल्या दिवसांत खरोखरच काही ओळी उबदार होत्या, 'आज उगाच बरं वाटलं', 'त्याचा आवाज आवडला'. तीन महिन्यांत दिसलं, चौथ्यात नाही. रागाच्या ओळी मात्र पाळीच्या आसपास गोळा झालेल्या नव्हत्या. त्या होत्या महिनाअखेरीला, जेव्हा माझ्या कामाचे हिशेब पूर्ण करायचे असतात, आणि त्याची आई आजारी होती त्या पंधरवड्यात. त्याच्या वहीत 'आज बोललो नाही' असं आठ वेळा होतं. त्यातल्या पाच वेळा आदल्या दिवशी लिहिलं होतं, 'झोप नाही'. दोघांच्या एका घरातल्या चार महिन्यांवरून कुठला निष्कर्ष निघत नाही, हे मला कळतं. पण त्या आठ ओळींतली एकही मला त्या त्या दिवशी माहीत नव्हती, आणि मी त्याच्या शेजारीच झोपत होते.

त्याच्या वहीत एका तारखेला फक्त एवढंच होतं, 'तिने आज पाठीवर हात ठेवला नाही'.

मी तारीख मोजली नाही. म्हणजे मोजावीशी वाटली, बोट पानावर मागे मागे गेलंही, आणि मी वही मिटली. मला वाटत होतं की कारण कळलं की भावना लहान होते. माया कुठल्या द्रवातून वर आली हे कळलं की ती उसनी ठरते. पण भूक लागली म्हणून जेवण गोड लागलं तर ते गोड लागणं खोटं नसतं, हे मी मुलीला किती सहज सांगितलं असतं. शरीर त्या दिवसांत दार थोडं जास्त उघडत असेल. पण दारातून मला दिसली ती त्याचीच पाठ. तीळ डावीकडेच होता. वर्षानुवर्षं बघितलेलं, भांडलेलं, त्या अंधाऱ्या खोलीत एकटं सोडलेलं माणूस होतं ते.

परवा पुन्हा तो इस्त्री करत होता. या वेळी पाऊस नव्हता, उकाडा होता, आणि शर्टाच्या बाहीवरच्या एका चुणीशी त्याची झटापट चालली होती. चूण एका बाजूने सरळ केली की दुसऱ्या बाजूला उमटत होती. मी मागून गेले आणि तळहात ठेवला, त्याच जागी. त्याने इस्त्री उभी केली. काही बोलला नाही. त्याच्या पाठीतला श्वास माझ्या हाताखाली वर आला आणि थांबला, मी काही म्हणतेय का याची वाट बघत. मला माहीत होतं, आज सतरावा. इस्त्रीचा लाल दिवा विझला, पुन्हा लागला, आणि मी हात तिथेच ठेवला.